दादा, ती पाळ पावसानं फुटली नव्हती

दादा, तुझ्या तेरवीच्या आधीच मला तुझ्याबद्दल खोटं बोलायचं निमंत्रण आलं. मला! उभ्या जन्मात तुझ्याशी भांडायची एक संधी जिनं सोडली नाही, त्या तुझ्या सख्ख्या बहिणीला.

निमंत्रण गोड होतं, त्याबद्दल काही म्हणायची सोय नाही. आफ्रिकेत, मलावीत, ज्या परदेशी संस्थेसाठी तू तलाव बांधलास तिच्या मॅडमनी पल्लवीला फोन केला. तुझी लेक रडत रडतच बोलत होती आणि मधेच फोनवर हात ठेवून मला सांगत होती, "आत्या, ते बाबांसाठी शोकसभा घेणार आहेत. स्क्रीनवर. त्यांच्या देशातून ते, मलावीतून गावातले लोक आणि इथून आपण. तू बाबांच्या तलावाबद्दल बोल म्हणतायत. थोडंसंच." मी विचारलं, कोणत्या तलावाबद्दल? ती म्हणाली, "अगं, एकच तर आहे." मग हळूच पुढचं सांगितलं. ते सगळं रेकॉर्ड होणार आहे, कारण शेजारच्या खोऱ्यात तसाच दुसरा तलाव बांधायचं ठरलंय आणि पैसा देणाऱ्यांना ते दाखवायचं आहे.

पण तो तलाव आहे कुठं? तुला माहीत होतं, मला माहीत होतं. त्याची पाळ, तो मातीचा बांध, गावातल्या बायांनी भर उन्हात कुदळी घेऊन फोडून टाकली. आणि संस्थेच्या दप्तरी ती अतिवृष्टीनं वाहून गेली आहे.

खरं बोलले तर त्या गावाची सगळी मदत बंद पडेल, ही तुझी भीती. गप्प बसले तर शेजारच्या खोऱ्यातल्या बायांच्या पोटावर दुसरी पाळ बसेल, हे माझं म्हणणं. यावरच आपण वर्षभर भांडत होतो, आणि तू भांडण अर्धं टाकून निघून गेलास. हे काय वागणं झालं, दादा?

मी लिहिते ती शाळेतली मराठी. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला, सवय जात नाही. पण तुझ्याशी बोलताना ही मराठी कधी तोंडात आलीच नाही. तू दारातून "वच्छे" म्हणालास की माझी जीभ सरळ आपल्या गावात जाऊन उभी राहायची. आता तुला हे लिहिताना हात अडतो. वाटतं, एवढं शुद्ध लिहिलं तर तू म्हणशील, "काय व, भाषण देऊन राहिली का?"

तुझे उपकार मोजायचे नाहीत असं ठरवलंय, तरी एक सांगते. दहावीनंतर बाबांनी माझ्यासाठी स्थळ पाहिलं होतं. पोरगा बरा होता, शेती बरी होती, सगळं बरं होतं. तू गोंदियाला शिकत होतास. एसटीतून उतरलास तो पाय न धुता बाबांसमोर जाऊन उभा राहिलास.

"पोरीले इचारलं का?"

बाबा म्हणाले, "तिले कायले इचारायचं?"

"लगन तिचं हाये म्हणून."

बाबांनी तुला दोन शिव्या दिल्या, मग आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गावच्या तलावाचे पाणकर होते बाबा. कोणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी जाईल ते त्यांच्या शब्दावर चालायचं, पण घरात असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, मला मास्तरीण व्हायचंय. झाले. माझा पगार, माझं घर, माझं हे फटकळ तोंड, सगळं तुझ्या त्या एका प्रश्नावर उभं आहे. म्हणून तर माझा राग जास्त आहे. ज्या माणसानं बहिणीसाठी हा प्रश्न विचारला, तो माणूस समुद्रापलीकडे जाऊन तोच प्रश्न विसरला.

ते तू मला आपल्या गोंदियाकडच्या प्रतापगडला सांगितलंस. महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर आपण गेलो होतो. वहिनीचा दर्ग्यात चादर चढवायचा नवस होता, त्याआधी महादेवाला जायचं होतं. अर्ध्या चढावर तुला दम लागला. तू एका दगडावर बसलास, वहिनीला म्हणालास, "तू हो समोर." मला वाटलं, छातीत दुखतंय. दुखत असेलही, पण तू काढलास तो विषय वेगळाच.

"वच्छे, ती पाळ पान्यानं नाही फुटली."

मग तू सगळं सांगितलंस. गावाबाहेर एक लांबट खोलगट जागा होती. त्यांच्याकडे तिला डांबो म्हणतात. पावसाळा सरला तरी तिथली माती ओली राहते. तू पहिल्यांदा पाहिलीस तेव्हा पाऊस चालू होता, कमरेएवढं गवत होतं, आसपास माणूस नव्हतं. आणि तुला काय दिसलं? तलाव. आपल्या तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांचं हे असंच, दादा. कोहळ्याच्या डोळ्याला उतार दिसला की पाळ दिसते, पाळ दिसली की पाणी सोडायची मोरी दिसते, आणि मोरी दिसली की खालच्या बांध्यांत धान डोलायला लागतं. पिढ्यान्‌पिढ्या आपण हेच केलं. जमिनीतला खळगा आपल्याला रिकामा बघवतच नाही. दुसऱ्या कोणा इंजिनिअरनं ती जागा पाहून सोडून दिली असती. तू नाही सोडलीस.

गावचा मुखिया लगेच हो म्हणाला. का नाही म्हणणार? त्याचं शेत पाळीच्या खाली येत होतं. बैठक झाली, हात वर झाले, फोटो निघाले. बाया बैठकीत नव्हत्या. आणि ती खोलगट जागा बायांची होती. पाऊस गेला की त्या तिथं भोपळे लावायच्या, घेवडा लावायच्या, मोहरीची भाजी लावायच्या. उन्हाळ्यात घरातला मका संपायला येतो तेव्हा पोरांच्या ताटात जे पडायचं, ते तिथलं. पहिल्याच वर्षी तुझा तलाव काठोकाठ भरला आणि हे सगळं त्याच्या पोटात गेलं.

"फिलम काढली त्यायनं," तू म्हणालास. "मी पाळीवर उभा हावो आन् मांगं पानी चमकून राहिलं."

पाळ फुटली तेव्हा तू इथं होतास. संस्थेनं पाहणीला पाठवलं म्हणून पुन्हा गेलास. सगळ्यांत पुढं कुदळ मारणारी बाई कोण, हे कोणी लपवलंसुद्धा नव्हतं. एस्नाती नाव तिचं. तिनं तुला आपल्या चटईवर बसवलं आणि दुपार होईपर्यंत फैलावर घेतलं. दुभाषा थकला, ती थकली नाही. तू मला म्हणालास, "आई कशी बोलायची तसं बोलली व ती. मी मान खाली घालून आयकत होतो."

मी तिथंच, पायऱ्यांवर, विचारलं, "मग तू हे संस्थेत सांगितलं का?"

तू उठलास आणि चढायला लागलास. दम लागलेला माणूस एकदम कसा चालायला लागतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतर कुडव्यातल्या तुझ्या घराच्या पडवीत आपली किती भांडणं झाली, त्याला हिशेब नाही. वहिनी चहा आणून ठेवायची, "थंडा होऊन राहिला" म्हणायची, आणि आपलं चालूच. तुझ्याकडे मुद्दे होते, ते मी नाकारत नाही. तू म्हणायचास, "त्यांच्या देशातले लोक आधीच बोलून राहिले का आपला पैसा तिकडे कायले द्यायचा. मॅडम एकटी लढून राहिली बिचारी. मी म्हणलं का बायांनी पाळ फोडली, तं उद्या तिकडे हेच छापून येईल, पाहा, यायले दिलं तं हे फोडून टाकतात. हात आखडायले निमित्तच पायजे त्यांना. झाकली मूठ सव्वा लाखाची, वच्छे."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहते का?" मी म्हणायचे. "ते दुसऱ्या खोऱ्यात जाऊन राहिले तुझंच चित्र घेऊन. तिथंही बाया असतीलच ना?"

"थांबवतो मी ते."

"कसं थांबवतो? न बोलता?"

मग तू विषय मोठा करायचास. ते तुझं नेहमीचं. भांडण अंगाशी आलं की तू त्याला जगाएवढं करायचास. पण त्यातही तू खरं बोलायचास, हे आता म्हणते, तेव्हा कधी म्हणाले नाही. "मदत, मदत काय करता? चहा मलावीवाल्यांचा, डबा यांचा. पत्ती कच्ची पाहिजे, मातीमोल पाहिजे. तिथंच डब्यात भरून पाठवतो म्हणलं, तं दारात कर लावतात. जुन्या कर्जाचं व्याज भरता भरता त्यांच्या सरकारची कंबर मोडून राहिली. आधी दार उघडा म्हणा, कर्ज सोडा म्हणा, मंग तलाव बांधा."

"हे तरी बोललास का तिथं?"

"बोललो ना."

"मग?"

"मॅडम म्हणाल्या, ते आमच्या खात्यात येत नाही."

आपण दोघंही हसलो होतो तेव्हा. वहिनी आतून पाहायला आली, हे दोघं भांडता भांडता हसतात कसे म्हणून. मी म्हटलं, म्हणजे सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. तू लगेच गंभीर झालास. "आन् आपण? आपण का जमिनीवर होतो? तिथं आपल्याकडचा माणूस गाडीतून उतरला का साहेबच उतरते. मले सर म्हणत होते सारे. सरले कोण सांगते का, सर, तुमी आमचे भोपळे बुडवून राहिले?"

एकदा मी तुला बाबांवरून टोमणा मारला. आठवतं? बाबा मोरी उघडण्याआधी पाळीवरून उतरून पाटाच्या शेपटापर्यंत चालत जायचे. ज्याची बांधी सगळ्यांत शेवटी, त्याला विचारायचे, तुझ्याकडे किती ओल आहे, आधी तुला सोडू का? त्याचं ऐकून मग मोरीला हात. मी म्हटलं, "बाबा चौथी शिकलेले. तू इंजिनिअर. तुले हे नाही सुचलं?" तू गार झालेला चहा एका घोटात संपवलास. मग म्हणालास, "बाबाच्या मांगं कोणी फिलम नव्हतं काढत, वच्छे. तीन वर्षांत तलाव दाखवा असं बाबाले कोणी म्हणत नव्हतं." मॅडमच्या देशात निवडणूक येते, खात्याचा साहेब बदलतो, पैसा खर्च झाला का ते विचारलं जातं. भोपळ्यांचं काय झालं ते कोणी विचारत नाही. हे तूच मला समजावलंस, आणि समजावूनही तू गप्पच राहिलास. माझं पित्त सगळ्यात जास्त कशानं खवळायचं, तर ते यानं. तुला कळत नव्हतं असं काहीच नव्हतं.

शेवटच्या वेळी तू थकलेला दिसलास. मी चप्पल घालत होते. तू म्हणालास, "रविवारी ये. मी ठरवून सांगतो." मी म्हटलं, हे वर्षभर ऐकतेय. तू म्हणालास, "नाही व, खरंच."

रविवार आला नाही. मी आपल्या इकडच्या गोरेगावच्या बाजारात होते, तुझ्यासाठी वाळलेले झिंगे घेत होते, आणि पल्लवीचा फोन आला. ती बोलतच नव्हती, नुसती "आत्या, आत्या" करत होती. लोक मला विचारतात, दादा शेवटी काय बोलले? मला त्याचं काही नाही. मला एवढंच पाहिजे की तू काय ठरवलं होतंस. ते तू कोणालाच सांगितलं नाहीस. वहिनीला विचारलं, पल्लवीला विचारलं. नाही.

शोकसभा तेरवीच्या दुसऱ्या दिवशी झाली, दुपारची. तुझ्या फोटोला हार, पुढं टेबलावर पल्लवीचा लॅपटॉप. वहिनी डोक्यावरून पदर घेऊन बाजूला बसली. तिकडून मॅडम आणि त्यांचे साहेब लोक, काळे कपडे घालून. मलावीतून शाळेच्या पडवीत बसलेले गावकरी, पुढं बाकांवर मुखिया आणि पुरुष, मागं बाया. पिवळं फडकं डोक्याला बांधलेली एक बाई खांबाला टेकून बसली होती, आणि मी तिला ओळखलं. तू तिचं वर्णन बरोबर केलं होतंस. बसल्या बसल्या सगळ्यांचा हिशेब घेतल्यासारखी बघत होती.

मॅडम तुझ्याबद्दल फार चांगलं बोलल्या. खरं सांगते, त्या रडल्या. तुला तिथं जेवायला काय आवडायचं, तू पावसात कसा अनवाणी चालायचास, ते सांगत होत्या. त्यांना वाईट म्हणता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. मुखियानं आभार मानले, तलावाबद्दल देवाचेही मानले. मागच्या बाया जमिनीकडे बघत होत्या. मग मॅडमनी माझं नाव घेतलं. त्या क्षणी मला तुझी भीती पहिल्यांदा नीट कळली, दादा. वर्षभर मी तुला बोल, बोल करत होते, आणि आता तोंड माझं होतं.

मी मराठीत बोलले. पल्लवी इंग्रजीत सांगणार होती. म्हटलं, माझा भाऊ चांगला माणूस होता. त्यानं बांधलेली पाळ पावसानं फुटली नाही. गावातल्या बायांनी फोडली, कारण तिच्यात त्यांचे मळे बुडाले होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. माझ्या भावानंही नाही. दुसरी पाळ बांधण्याआधी हे तुम्हाला माहीत असावं.

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाली, बाबा फार चांगले होते, आणि पाळ टिकली नाही याचं त्यांना शेवटपर्यंत दुःख होतं.

सातवीपर्यंत इंग्रजी मी शिकवलंय. म्हटलं, "पल्लवी, मी हे नाही म्हणाले."

"आत्या, प्लीज." तिचा आवाज फाटला. "बाबांची शोकसभा आहे. आजच कशाला?"

"आज रेकॉर्ड होतंय म्हणून."

"बाबांनी स्वतः सांगितलं नाही ना? मग तू कोण सांगणारी?"

स्क्रीनवरचे सगळे चेहरे आमच्याकडे बघत होते. त्यांना शब्द कळत नव्हते, भांडण कळत होतं. पल्लवीनं लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. मला वाटलं, बंद करते आता ही. तेवढ्यात वहिनी बोलली. पदर होता तिथंच, मान वर केली नाही.

"जशी बोलली तशी सांग. तुह्या बापाले झोप नव्हती लागत."

पल्लवीनं झाकणावरचा हात काढला. मग तिनं सांगितलं. एकेक वाक्य, तोडून तोडून, डोळे पुसत. "माझ्या वडिलांनीही विचारलं नव्हतं" इथं आल्यावर ती थांबली, पाणी प्यायली, आणि तेही सांगितलं.

मग मॅडमच्या शेजारचे चष्मेवाले साहेब म्हणाले, म्हणजे गावकऱ्यांनीच मालमत्ता नष्ट केली, असं तुमचं म्हणणं आहे का? घे! तुझी भीती टाय बांधून माझ्यासमोर बसली होती. शब्दही तेच, तू म्हणायचास ते.

मी म्हटलं, "नष्ट नाही केली जी. आपली जागा मोकळी केली. आणि यावरून देणं थांबवू नका. तुमच्याकडे आहे, द्या, मोकळ्या हातानं द्या. पण तुमच्या घड्याळानं देऊ नका. खणायच्या आधी त्या खांबाजवळच्या बाईला विचारा, आणि तिनं नाही म्हटलं तर तिचं नाही धरा." माझा आवाज चढला होता. चढू दे म्हटलं.

एस्नाती उभी राहिली. मुखिया मागं वळून काहीतरी बोलला, ती थांबली नाही. त्यांच्या दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं, पल्लवीनं मराठीत. "हो, आम्ही फोडली. पाऊस आला नव्हता. या माणसाला मी तोंडावर बोलले, आणि तो उठून गेला नाही. गाडीतून येणारे सगळे उठून जातात. आम्हाला पाणी नको असं नाही. आम्हाला ओढ्यावर पूल पाहिजे, पोरं पावसात शाळेत जात नाहीत. ते आम्ही सांगितलं होतं. आम्हाला तलाव मिळाला."

मॅडमनी मान खाली घातली. त्या काही लिहून घेत होत्या, की नुसत्याच तशा बसल्या होत्या, ते इथून दिसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. शेजारच्या खोऱ्यातला तलाव थांबवला. तिथल्या बायांना आधी विचारणार. पल्लवीनं माझा हात धरला, मला म्हणायचं होतं, पाहिलंस दादा? पण फोन संपला नव्हता. चौकशी होईपर्यंत दोन्ही खोऱ्यांतलं सगळंच काम थांबवलंय, असं त्या म्हणाल्या. वरून आदेश आहे. त्यात गावाला मिळणारं बियाणं आलं, आणि पूल तर आता कागदावरसुद्धा येणार नाही. मॅडम म्हणाल्या, मी प्रयत्न करतेय. त्या करत असतील. मला त्यांच्यावर राग काढता येत नाही.

म्हणजे तुझंही खरं झालं, माझंही झालं. हात आखडायला निमित्त पाहिजे होतं, ते मी दिलं. दुसरी पाळ थांबायला हवी होती, ती थांबली. वहिनी मला म्हणाली, "झालं समाधान?" मी जेवले नाही त्या दिवशी. तू असतास तर जिंकल्यासारखं तोंड केलं नसतंस, हे मला माहीत आहे. तू मला ताट वाढून दिलं असतंस आणि मग भांडला असतास.

मला राहवेना. पल्लवीला म्हटलं, एस्नातीला फोन लाव. दुभाषा मधे, पल्लवी मधे, असं आम्ही दोघी बोललो. मी विचारलं, माझ्यामुळे तुमचं काम अडलं, राग आला का?

"आला," ती म्हणाली. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "इथं बाया मला बोलतात, तूच उभी राहिलीस म्हणून. पण पलीकडच्या खोऱ्यातल्या बाया काल चालत आल्या होत्या. त्यांच्या डांबोत खुंट्या ठोकल्या होत्या, त्या उपटून नेल्या म्हणाल्या. त्यांचं पीक वाचलं." मग तिनंच मला विचारलं. "आता पुलाचं त्या लोकांना कोण सांगेल? आमचा मुखिया सांगणार नाही. तुमचा भाऊ दर वेळी म्हणायचा, पुढच्या वेळी येतो तेव्हा त्यांना सगळं सांगतो. आता कोणाला पाठवता?"

पल्लवीनं हे मला मराठीत सांगितलं. 'दर वेळी' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी उत्तर जुळवत होते. काय सांगणार होते? माझे गुडघे धड पायऱ्या चढू देत नाहीत. मी तोंड उघडायच्या आत पल्लवीनं मला न विचारता फोनमध्ये इंग्रजीत सांगून टाकलं, मी येते.

वहिनीच्या हातात तांदूळ पाखडायचं सूप होतं. ते तिनं खाली ठेवलं. "तू? बँकेत बसनारी पोरगी! तुले काय समजते तिथलं?"

"काहीच नाही," पल्लवी म्हणाली. "बसून ऐकीन. मग मॅडमच्या ऑफिसात जाऊन तेच सांगीन. बाबांनी शब्द दिला होता ना?"

तिनं रजा टाकली आहे, दादा. तिकीटही काढलं. वहिनी रोज मला विचारते, तूच तिले भरीस पाडलं ना? पोर एकटी जाणार, परक्या मुलखात, बापाची चूक बापाच्या नावानं पुन्हा उभी राहून सांगायला, आणि तिथं तिला कोणी उभं करेल की नाही याचाही भरवसा नाही. सकाळी उठले की वाटतं, जाऊ दे, जायलाच पाहिजे. दुपारपर्यंत वाटतं, थांबवावं, हिचा काय दोष यात, आणि मलाच माझी लाज वाटते. तू असतास तर म्हणाला असतास, जाऊ दे, नाही तर म्हणाला असतास, नोको जाऊ देऊ, आणि तू जे म्हणाला असतास त्याच्या उलट मी ठणकावून बोलले असते. मग आपलं काहीतरी ठरलं असतं. आता पडवीत बसून दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात, दादा.